बंद घरांची यादी कुणाच्या हातात? वेबसाइट बनवून घेतानाचं एक प्रकरण

मे महिना आणि गणपती सोडून इतर कधीही मालवण-कुडाळकडच्या वाड्यांतून फिरा, जागोजाग कुलपं दिसतात. घरवाले मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत. घर शेजाऱ्यांच्या भरवशावर. चतुर्थी तोंडावर आली की चाकरमानी रात्रीच्या गाडीने येतो, कुलूप उघडतो आणि पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते बघतो: पडवीत वाळवी, कौलं सरकून ओटीवर उतरलेलं पाणी, विहिरीचा पंप जाम, खळ्यात कमरेएवढं रान. मग इलेक्ट्रिशियन शोधा, गडी शोधा. नेमका तेव्हा गावात एकही माणूस मोकळा नसतो, कारण सगळ्यांची घरं त्याच आठवड्यात उघडायची असतात.

हे स्वतः भोगलेल्या एका ताईंना यातून वेबसाइट सुचली. मुंबईतली नोकरी सोडून त्या मालवण तालुक्यात गावी परतल्या होत्या. बंद घराच्या मालकाने वर्षाची वर्गणी भरायची. गावातलाच माणूस दर महिन्याला घर उघडणार, ठरलेल्या यादीप्रमाणे तपासणार, फोटो चढवणार. पावसाआधी कौलं परतून घेणं, श्रावणात साफसफाई, गणपतीआधी पाणी-वीज चालू करून ठेवणं, ही कामं मालकाने तिकडे बसून मागवायची. वही, एक्सेल आणि व्हॉट्सॲपवर त्यांनी हे आधी करून पाहिलं होतं आणि चाललंही होतं. घरं वाढली, वही पुरेना, तेव्हा त्या प्रोग्रॅमरच्या शोधात निघाल्या.

माझी वकिली म्हणजे बहुतेक वाटणी, सामाईक घर, गडग्याची (दगडी कुंपणाची) भांडणं आणि सातबाऱ्यावरची नावं. सॉफ्टवेअरचे करार त्या मानाने थोडे, पण आता येऊ लागले आहेत. ताई आणि प्रोग्रॅमर, दोघांनाही विचारून हे लिहितो आहे. नावं, वाडी आणि वेबसाइटचं नाव तेवढं गाळलं आहे.

न सांगितलेली आयडिया

प्रोग्रॅमर कुडाळचा, तिशीच्या आतला. पुण्यात नोकरी करून घरूनच कामं घेऊ लागलेला. ताई त्याला दोनदा भेटल्या होत्या, पण वेबसाइट कशाची आहे हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. "बुकिंगसारखं आहे, बाकी सही झाल्यावर बोलू." बिचाऱ्याने हॉटेल बुकिंगचा अंदाज काढून दिला: खोल्या, चेक-इन, चेक-आउट, सीझनचे दर. तो कागद घेऊन ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यातली एकही गोष्ट त्यांना लागणारी नव्हती आणि लागणारी एकही गोष्ट त्यात नव्हती. गुप्तता पाळायची म्हणून आयडिया पोटात ठेवली तर आधी नुकसान आपलंच होतं. भाव चुकतो, मुदत चुकते आणि पुढच्या प्रत्येक बदलाचे पैसे वेगळे पडतात.

सोबत इंटरनेटवरून उतरवलेला गुप्ततेचा करार होता. अकरा पानी, इंग्रजी. वाद झाल्यास अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा कायदा लागू. गुप्तता मोडल्यास दहा लाख डॉलर दंड. आणि एक कलम असं की, प्रोग्रॅमरने पुढची पाच वर्षं घर, मालमत्ता किंवा पर्यटनाशी संबंधित कोणतीही वेबसाइट बनवू नये. प्रोग्रॅमर मुलाने सही नाकारली होती आणि त्यावरून ताईंचा संशय पक्का झाला होता: "सही करत नाही म्हणजे मनात काहीतरी आहे."

मला यात संशय घेण्यासारखं काही दिसलं नाही. सिंधुदुर्गात राहून घर आणि पर्यटन सोडायचं तर वेबसाइट बनवायला उरलं काय? आंबा आणि काजू.

त्या कलमाला कायद्यातही जोर नव्हता. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ सांगतं की, कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. काम चालू असताना बंधन घालता येतं. करार संपल्यावरही ते चालू ठेवू पाहिलं की गाडी अडते. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं व्यवस्थापन पाहणारी कंपनी यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. करार संपल्यानंतरही त्याचे हात बांधू पाहणारं कलम २००६ साली न्यायालयाने याच २७ खाली टिकू दिलं नाही. दंडाचंही तसंच. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात कितीही मोठा आकडा घाला, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. दहा लाख डॉलर लिहून कुणी ताईंना ते देणार नव्हतं, उलट समोरचा माणूस बिथरला तेवढाच.

कायद्याच्या जाळ्यात काय सापडतं

कल्पनेवर मालकी नसते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याआधीच्या १९११ च्या कायद्याखाली एका नाटककाराने आपल्या नाटकावरून चित्रपट उचलल्याचा दावा केला होता, तेव्हा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो; ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो. 'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स' हा तो निकाल, आजही प्रत्येक वादात निघतो. पेटंट घेता येईल का, हेही ताईंनी विचारलं. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(के) मध्ये धंद्याची पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम दोन्ही वगळलेले आहेत. बंद घराची राखण वर्गणीवर करणं ही धंद्याची पद्धतच. विषय संपला.

विश्वासाने सांगितलेली गोष्ट मात्र वेगळी. मुंबई उच्च न्यायालयात २००३ साली दूरचित्रवाणी मालिकेच्या संकल्पनेचा वाद आला होता. एका निर्मात्या कंपनीने वाहिनीला संकल्पना सविस्तर लिहून दाखवली होती आणि पुढे वाहिनीने तशीच मालिका काढली. तिथे न्यायालयाने विश्वासभंगाच्या मुद्द्यावर मनाई कायम ठेवली. पण त्यात बघण्यासारखं हे की माहिती नेमकी होती, कागदावर होती आणि विश्वासाच्या नात्यात दिलेली होती. "माझ्या डोक्यात एक भारी आयडिया आहे" याला असलं संरक्षण मिळत नाही.

एवढं झाल्यावर मी ताईंना विचारलं, उद्या तो हे सगळं घेऊन पळाला, तर नेमकं काय नेलं म्हणजे तुमचं बुडेल? त्यांनी लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवलं. घरमालकाचं नाव, मुंबईचा पत्ता, फोन, वाडी, घराला किती दारं, शेवटचं कोण कधी येऊन गेलं, पुढे कधी येणार. आणि उजवीकडे शेवटचा रकाना, "किल्ली". एका ओळीत लिहिलं होतं: "शेजारच्या काकींकडे. काकी देवळात गेल्या असतील तर मागीलदारी, पायरीजवळच्या पत्र्याच्या डब्यात."

तो रकाना वाचून माझ्या पोटात गोळा आला. कोणतं घर रिकामं आहे, किती दिवस रिकामं राहणार आहे आणि किल्ली कुठे आहे, हे सगळं एका ओळीत. चोराला आणखी काय हवं? ताईंना भीती होती ती आयडिया चोरीला जाण्याची, आणि ही फाईल त्या दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमरला मेल करणार होत्या. "टेस्टिंगसाठी खरा डेटा द्या," असं त्याने मागितलं होतं. सगळेच मागतात, त्यात वावगं काही नाही.

तिथून प्रकरणाची दिशा बदलली.

गुप्ततेचा कागद, दीड पानाचा

अकरा पानांच्या जागी आम्ही मराठीत दीड पानाचा करार केला. गुप्त म्हणजे काय ते त्यात मोजून लिहिलं: घरमालकांची आणि राखणदारांची यादी, घरांची माहिती आणि फोटो, राखणदारांना दिले जाणारे दर, वर्गणीचं गणित आणि तपासणीच्या यादीचा न छापलेला भाग. गुप्त काय नाही तेही लिहिलं: बंद घरांची देखरेख करणारी वेबसाइट ही कल्पना, आधीपासून लोकांना माहीत असलेल्या गोष्टी, आणि प्रोग्रॅमरला दुसरीकडून रीतसर कळलेलं. काम संपल्यावर प्रती पुसायच्या आणि तसं लेखी कळवायचं. सगळंच गुप्त असं लिहिलेला करार न्यायालयात ढिला पडतो. नेमकं लिहिलं की समोरच्यालाही सही करायला जड जात नाही.

वाद झाल्यास सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं न्यायालय, हे आवर्जून घातलं. कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयात लागतो, म्हणजे ओरोसला. वर जायची वेळ आलीच तर आता मुंबईही गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. स्टॅम्पपेपर ५०० चा. शंभराचा चालण्याचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले.

सही करायला मुलगा माझ्या ऑफिसात आला. ताईंनी तिथे पहिल्यांदा त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो हसला. "ताई, ह्या माका आधी सांगलं असतास तर मी हॉटेलाचा कोटेशन कित्याक करतलंय? आणि माका ह्या धंद्यात पडूचा नाय. लोकांच्या घरातली वाळवी बघित मी खंय फिरतलंय?"

ताईंनी त्यावर सही मागितलीच. बरोबर केलं.

कोड कुणाचा

माझ्या मते अशा प्रकरणांत सगळ्यात जास्त माणसं पडतात ती इथे. "पैसे मी दिले, म्हणजे वेबसाइट माझी." नाही. संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्याने साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचा पहिला मालक तो लिहिणारा. कलम १७ मध्ये अपवाद आहे तो नोकराचा: पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी मालकाकडे. बाहेरचा प्रोग्रॅमर नोकर नसतो. गंमत म्हणजे पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा चित्र यांना त्याच कलमात निराळा नियम आहे, तिथे वेगळं ठरलं नसेल तर मालकी काढून घेणाऱ्याची. म्हणजे ताईंनी पैसे देऊन काढून घेतलेले घरांचे फोटो त्यांचे, आणि ते दाखवणारा कोड मात्र प्रोग्रॅमरचा, पूर्ण बिल चुकतं केलं तरीही.

मालकी आपल्याकडे यायची तर लेखी हस्तांतरण लागतं, देणाऱ्याच्या सहीचं. कलम १९ त्याची पथ्यं सांगतं. कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला, सगळं लिहायचं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क मिळाल्यापासून वर्षभरात वापरला नाही, आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो हक्क आपोआप परत जातो. आमच्याकडच्या धंद्याला हे शेवटचं फार लागू आहे. एक गणपती हुकला की लोक सरळ पुढच्या गणपतीपर्यंत थांबतात आणि वर्ष हा हा म्हणता उलटतं. म्हणून "कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, वर्षभरात वापर झाला नाही तरी हस्तांतरण कायम" असं स्पष्ट लिहिलं. जगभर कशाला, असं ताईंनी विचारलं. त्यांच्या यादीतले काही घरमालक दुबई-मस्कतला आहेत, म्हणून.

प्रोग्रॅमरची बाजूही खरी होती. लॉगिन, कॅलेंडर, फोटो चढवण्याची सोय असे तुकडे त्याच्याकडे आधीच्या कामांतून तयार होते आणि ते तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वापरतो. तेही ताईंच्या नावावर गेले तर पुढचं काम त्याने कसं करायचं? त्यावर वाटणीतल्यासारखी दोन परिशिष्टं केली. एकात ताईंसाठी नव्याने लिहिलेलं, ते पूर्णपणे ताईंचं. दुसऱ्यात त्याचे जुने तुकडे. मालकी त्याची, पण या वेबसाइटपुरता वापरायचा, बदलायचा, दुसऱ्या प्रोग्रॅमरकडून बदलून घ्यायचा आणि वेबसाइट वापरायला दिलेल्या तिसऱ्यालाही वापरू द्यायचा कायमचा परवाना ताईंना. तिसरी यादी मुक्त स्रोतातल्या सॉफ्टवेअरची, प्रत्येकाच्या परवान्यासह, कारण त्यावर दोघांचीही मालकी नाही.

हस्तांतरण कधी व्हायचं यावर बरीच ओढाताण झाली. ताई म्हणत सही झाल्या क्षणी, तो म्हणे शेवटचा पैसा हातात पडल्यावर. कामाचे चार टप्पे पाडले आणि ज्या टप्प्याचे पैसे पोचले त्या टप्प्याचा कोड ताईंचा, असं ठरलं. दोघांनाही पूर्ण पटलं नाही, पण दोघांनीही सही केली. आपण केलेलं काम म्हणून वेबसाइट इतरांना दाखवायची त्याला मुभा ठेवली. नाव जोडायला काही खर्च येत नाही.

डोमेन

करार होईपर्यंत मुलाने उत्साहाने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, घेऊन ठेवलं होतं, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डने. "कोणी घेण्याआधी घेतलं, ताई." हेतू चांगला होता. पण डोमेन म्हणजे वेबसाइटचा सातबारा. नाव ज्याचं, त्याच्याकडे सगळ्यांनी जायचं. कोड, डेटा, गिऱ्हाईक सगळं तुमचं असलं तरी डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल तर तो नूतनीकरण विसरला किंवा फोन उचलेनासा झाला की दुकानाची पाटीच उतरली. अशी भांडणं मी पाहिली आहेत, आणि बहुतेकांत सुरुवातीला कुणाच्या मनात खोट नव्हती.

ताईंनी त्याच कंपनीत स्वतःचं खातं काढलं, त्याने डोमेन त्या खात्यात ढकललं, त्याचे पैसे त्याला मिळाले. होस्टिंग, पेमेंट गेटवे, एसएमएससाठीची डीएलटी नोंदणी, कोडची रिपॉझिटरी (कोड साठवण्याची ऑनलाइन जागा), सगळी खाती ताईंच्या नावाने आणि ताईंच्या नंबरवर. प्रोग्रॅमरला प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रवेश दिला, काढून घेता येईल असा. मुख्य पासवर्ड कुणालाच नाही. रोज झालेलं काम संध्याकाळी रिपॉझिटरीत टाकायचं हे करारातच होतं, म्हणजे माणूस आजारी पडला तरी काम त्याच्या लॅपटॉपात अडकून राहत नाही. हे सगळं उभं करायला ताईंना वेळ लागला आणि कंटाळाही आला. पेमेंट गेटवेच्या कागदपत्रांवरून तर त्या दोनदा माझ्यावरच करवादल्या.

नावाच्या ट्रेडमार्कचा अर्जही तेव्हाच केला. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन एका वर्गाचे ४,५०० रुपये. त्यांची सेवा दोन वर्गांत येते, साफसफाई-दुरुस्ती ३७ मध्ये आणि घराची राखण ४५ मध्ये. पहिलं नाव "कोकण" आणि "घर" जोडून केलेलं होतं, ते बदलायला लावलं. गावाचं आणि कामाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला नोंदणी मिळणं कठीण असतं, आणि मिळालं तरी दुसऱ्याला "कोकण" म्हणण्यापासून कोण अडवणार?

खोटी वाडी

खरा डेटा द्यायचा नाही हे ठरलं, पण डेटाशिवाय वेबसाइट तपासणार कशी? ताई आणि त्यांच्या भाच्याने बसून एक अख्खी खोटी वाडी रचली. नसलेली घरं, नसलेले मालक, दहा आकडी पण न लागणारे फोन, कौलारू किती, स्लॅबची किती, विहीर कुणाची सामाईक. काही मुद्दाम अडचणीची घरं घातली: एका घराला सात सहहिस्सेदार आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, अशा वेळी राखणीची वर्गणी कोण भरणार आणि फोटो कुणाला दिसणार? हा प्रश्न त्या खोट्या घरामुळेच वेळेवर निघाला. सामाईक घरासाठी निदान एका सहहिस्सेदाराची लेखी विनंती आणि बाकीच्यांना कळवल्याची नोंद, असा नियम ठरला. माझ्या नेहमीच्या धंद्याला वेबसाइटमध्ये जागा मिळाली ती अशी.

आणि मग प्रोग्रॅमरनेच एक गोष्ट सुचवली. किल्लीचा रकाना बघून तो म्हणाला, हा डेटाबेसमध्ये हवाच कशाला? ज्या राखणदाराकडे घर आहे त्याला किल्ली कुठे ते ठाऊक असतंच. राखणदार बदलला तर ताई फोन करून सांगतील. सर्व्हर फुटला तरी किल्ली फुटता कामा नये. तो रकाना कायमचा काढला. आता ती माहिती ताईंच्या वहीत आहे आणि वही कपाटात. घर कधीपर्यंत रिकामं आहे, ही तारीखही राखणदाराला फक्त त्याच्याकडच्या घरांची दिसते.

ज्या माणसावर संशय होता त्यानेच सगळ्यात मोठा धोका बाहेर काढला. याने करार निरर्थक ठरत नाही. करार झालेला होता म्हणूनच तो रकाना त्याच्यासमोर मोकळेपणाने उघडता आला.

लोकांची नावं-फोन साठवणाऱ्यावर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही जबाबदारी टाकली आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्या वतीने डेटा हाताळणाऱ्याने गोंधळ केला तरी जाब आपल्यालाच द्यावा लागतो, आणि त्याच्याशी करार असणंही बंधनकारक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२ए तर करारात मिळालेली वैयक्तिक माहिती नुकसान करण्याच्या हेतूने फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. हे दोन्ही करारात एका ओळीत नोंदवून ठेवले.

फुटबॉल

गणपती महिन्यावर आले असताना ताईंचा फोन आला. आवाज चढलेला. वेंगुर्ल्याकडे कुणीतरी फेसबुकवर अगदी हीच सेवा सुरू केली होती: बंद घर, वर्गणी, महिन्याला फोटो. "मी म्हटलं होतं ना? त्यानेच सांगितलं."

आम्ही शांतपणे बघितलं. समोरच्याकडे वेबसाइट नव्हतीच. एक फेसबुक पेज, एक गूगल फॉर्म, पैसे यूपीआयने. त्याला प्रोग्रॅमर लागलाच नव्हता. मग त्याला कळलं कुठून? ताईंनीच मे महिन्यात मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या मेळाव्यात गुलाबी कागदावरची पत्रकं वाटली होती. त्यात योजना, दर आणि मागच्या बाजूला "घर उघडण्याआधी काय तपासावे" ही यादी, सगळं छापलेलं. चारचौघांत वाटलेलं पत्रक गुप्त राहत नाही. प्रोग्रॅमरने तोंड शिवून ठेवलं असतं तरी आयडिया त्याच दिवशी बाहेर गेली होती.

वेंगुर्लेवाल्याला सेवा बंद करायला सांगण्याचा कुठलाही हक्क ताईंकडे नव्हता, आणि हे पचवणं त्यांना जड गेलं. पण त्याच्या पेजवरची तपासणीची यादी बघताना एक मुद्दा दिसला: "विहिरीच्या पंपाचा फुटबॉल तपासणे." ताईंच्या पत्रकात डीटीपीवाल्याने फुटवॉलचा (पंपाच्या नळीच्या तळाशी असलेल्या झडपेचा) फुटबॉल केला होता. तो तसाच छापला गेला होता आणि वेंगुर्ल्याला तसाच पोचला होता. बाकीचे मुद्देही शब्दशः तेच, त्याच क्रमाने.

घर तपासावं ही कल्पना कुणाचीही. पण ती यादी, तिचे शब्द, तिची मांडणी ताईंची, आणि सारख्या चुका ही नकलेची पकड न्यायालयातही चालते. आधी फोन केला, मग साधी नोटीस पाठवली: सेवा चालवा, यादी आमची आहे, ती उतरवा. त्याने दोन दिवसांत उतरवली आणि स्वतःची लिहिली. त्याची यादी काही बाबतींत ताईंच्या यादीपेक्षा चांगली आहे, हे ताईंनाही मान्य आहे. त्याने गडगा आणि झाडाच्या फांद्यांचा वेगळा भाग केलाय.

प्रोग्रॅमरला ताईंनी फोन करून "राग मानू नको रे" म्हटलं. त्याला कशाबद्दल हेच कळलं नव्हतं.

वेबसाइट चतुर्थीआधी सुरू झाली, एसएमएस मात्र नंतर. पुढे मुलाला पुण्यात चांगली नोकरी लागली. त्याने जाण्याआधी चौथ्या टप्प्याची सही केली, प्रती पुसल्याचं मेलने कळवलं, ताईंनी त्याचे प्रवेश काढून पासवर्ड बदलले. सावंतवाडीच्या दुसऱ्या प्रोग्रॅमरने काम हाती घेतलं तेव्हा त्याला जुन्या माणसाला एकदाही फोन करावा लागला नाही. कोडची कॉपीराइट नोंदणी करायची का, हा विषय मधे निघाला होता. ५०० रुपये शुल्क, सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं जोडायची, ती झाकून-खोडून चालत नाहीत. नोंदणी नसली तरी हक्क असतो, पुराव्याला बरी पडते इतकंच. ताईंनी ते पुढे ढकललं आहे.

सध्या माझ्या टेबलावर वेगळाच करार आहे. वेंगुर्लेवाल्याची घरं वाढली, गूगल फॉर्म पुरेना. त्याला ताईंची वेबसाइट त्याच्या तालुक्यापुरती भाड्याने हवी आहे. कोड ताईंच्या नावावर पूर्ण मुदतीसाठी आलेला असल्याने त्या देऊ शकतात, आणि दर महिन्याचा आकडाही जवळपास ठरला आहे. अडलं आहे ते एका कलमापाशी. आपल्या घरमालकांची यादी आपल्याच सर्व्हरवर राहील आणि ताईंच्या प्रोग्रॅमरला ती दिसणार नाही, असं त्याने पहिल्याच बैठकीत लेखी मागितलं आहे.